प्रोफेसर, कॅप्टन आणि ६७५ धावा

आपल्याकडच्या देशांतर्गत क्रिकेटमधल्या करंडकांची नावं कधी नीट बघितली आहेत का? रणजी करंडक नवानगरच्या रणजितसिंहजींच्या नावाचा. दुलीप करंडक त्यांचे पुतणे दुलीपसिंहजी यांच्या नावाचा. दोघेही राजघराण्यातले, दोघेही कसोटी क्रिकेट खेळले, आणि गंमत म्हणजे दोघेही खेळले ते इंग्लंडकडून! तिसरा करंडक देवधरांच्या नावाचा. हे देवधर कुठल्या संस्थानचे? कुठल्याच नाही. पुण्यातल्या एस.पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्रोफेसर. आणि कसोट्या किती खेळले? एकही नाही.

एकही कसोटी न खेळलेल्या माणसाच्या नावाने बोर्डाने १९७३-७४ साली करंडक सुरू केला, तेव्हा तो माणूस ८१ वर्षांचा होता आणि चांगला ठणठणीत होता. स्पर्धा मधे काही वर्षं बंद पडली, २०२३ साली पुन्हा खेळवली गेली. पण ऑफिसात जेवणाच्या टेबलावर 'हे देवधर म्हणजे कोण हो?' असं विचारलं, तर दहातले आठ जण खांदे उडवतात. उरलेले दोघं हळूच मोबाईल काढतात.

तर मंडळी, या विकांताचा विषय: प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर. त्यांच्याबरोबर एक अमेरिकन गृहस्थही या लेखात येणार आहेत, नाव अमोस अलोन्झो स्टॅग. हा कॉलेज फुटबॉलचा अगदी सुरुवातीच्या काळातला कोच. दोघांची कधी भेट झाली नाही, खेळही वेगळे. पण शेजारी शेजारी ठेवून बघितलं की एक गोष्ट स्वच्छ दिसते. 'कोच' नावाची नोकरी आकाशातून पडलेली नाही, ती कुणीतरी तयार केलेली आहे. आणि ती तयार करणारे बरेचदा मास्तर होते.

*

आधी अमेरिकेत जाऊन येऊ.

स्टॅगचा जन्म १८६२चा, न्यू जर्सीतला. येल विद्यापीठात शिकायला गेला तो धर्मोपदेशक व्हायला. तिथे बेसबॉल आणि फुटबॉल दोन्ही गाजवले. (इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल बरं का. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्याने अंगावर येऊन आडवं करायचं.) पण धर्मोपदेशकाला भाषण करावं लागतं आणि स्टॅगला ते काही जमेना. मग तो स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत गेला. तिथे त्याचा सहकारी होता जेम्स नेस्मिथ, बास्केटबॉलचा जनक. मार्च १८९२ मध्ये तिथे शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा बास्केटबॉलचा पहिला जाहीर सामना झाला. शिक्षक ५-१ ने हरले, आणि त्यांच्या बाजूचा तो एकुलता एक गोल स्टॅगचा होता.

त्याच वर्षी शिकागोत नवं विद्यापीठ सुरू होत होतं. त्याचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे हिब्रूचे पंडित, आणि येलमध्ये स्टॅगला शिकवलेले. त्यांनी स्टॅगला बोलावलं आणि जे केलं ते त्या काळात नवीनच होतं. खेळ शिकवणाऱ्या माणसाला चक्क अध्यापकाचा दर्जा दिला, कायमची नोकरी दिली. तोपर्यंत कॉलेजचा संघ चालवायचा तो संघाचा कॅप्टन, म्हणजे विद्यार्थीच. फारतर एखादा माजी विद्यार्थी चार युक्तीच्या गोष्टी सांगून जायचा. स्टॅगपासून ही पद्धत बदलत गेली. सराव कसा घ्यायचा, डावपेच कसे लिहून काढायचे, मैदानावर आडवं पाडण्याचा सराव माणसावर न करता बाहुल्यावर कसा करायचा, हे सगळं 'शिकवण्याच्या' गोष्टी झाल्या. पहिल्या वर्षी खेळाडू कमी पडले तेव्हा हे अध्यापक महाशय स्वतःच संघात उतरले.

शिकागोत स्टॅग ४१ मोसम राहिला. १८९२ ते १९३२.

आता १८९२ हे साल लक्षात ठेवा. कारण त्याच वर्षी, १४ जानेवारीला, पुण्यात दिनकर देवधरांचा जन्म झाला.

*

देवधर पहिला प्रथम श्रेणी सामना खेळले १९११ साली, मुंबईच्या तिरंगी सामन्यांत, हिंदू संघाकडून. वय १९. त्या काळचं क्रिकेट समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही, म्हणून थोडं विषयांतर.

तेव्हा महाराष्ट्राचा संघ, बंगालचा संघ असलं काही नव्हतं. संघ होते ते धर्माचे: युरोपियन, पारशी, हिंदू. १९१२ साली मुसलमान संघ आला आणि सामने चौरंगी झाले, १९३७ साली 'इतर' लोकांचा संघ आला आणि ते पंचरंगी झाले. वर्षातून एकदा मुंबईला हा मेळा भरायचा. हरला की संपला तुमचा मोसम.

देवधरांची कारकीर्द १९११ ते १९४६, म्हणजे ३५ वर्षांची. या ३५ वर्षांत ते प्रथम श्रेणीचे सामने खेळले ८१. भागाकार करून बघा, वर्षाला सव्वादोन सामने पडतात! आज रणजी खेळणारा पोरगा एका मोसमात साखळीतच सात सामने खेळतो. म्हणजे त्या काळच्या खेळाडूचं आयुष्य सामन्यांत जात नव्हतंच. ते जात होतं सरावात, स्थानिक क्लबांत आणि पोटापाण्याच्या उद्योगात. देवधरांचा उद्योग म्हणजे शिकवणं. पुण्यात शिक्षण प्रसारक मंडळीने १९१६ साली न्यू पूना कॉलेज काढलं, तेच पुढे जमखंडीच्या पटवर्धन राजेसाहेबांच्या देणगीनंतर सर परशुरामभाऊ कॉलेज, म्हणजे आपलं एस.पी., झालं. या कॉलेजात देवधर संस्कृतचे प्रोफेसर होते. तिकडे हिब्रूवाल्याने कोच नेमला, इकडे संस्कृतवाला स्वतःच पॅड बांधून उतरला. भाषाशास्त्र आणि मैदान यांचं काय साटंलोटं आहे कोण जाणे :-)

पण इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर ही गोष्ट गोडगोड होईल.

देवधर ज्या वर्षी हिंदू संघात आले त्याच १९११ साली भारताचा पहिला संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला होता. त्या दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेणारा डावखुरा गोलंदाज होता पळवणकर बाळू. बाळू चर्मकार समाजातले. पुण्यातल्या गोऱ्यांच्या जिमखान्यात ते मैदानाची देखभाल करायचे आणि साहेबांना सरावाला गोलंदाजी टाकायचे. त्यांची गोलंदाजी बघून हिंदूंच्या क्लबाने त्यांना संघात घेतलं खरं, पण खेळताना एकत्र आणि चहाच्या वेळेला वेगळे. त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या कपात. आपल्या काळातला देशातला सर्वांत मोठा गोलंदाज, पण हिंदू संघाचं कप्तानपद अधिकृतपणे त्यांना कधीही मिळालं नाही. त्यासाठी बरीच वर्षं भांडावं लागलं आणि १९२३ साली ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळालं.

हे सांगायचं कारण असं की 'शिकवण्याचा' अधिकार कुणाला मिळतो हा प्रश्न खेळातही होताच. बाळूंकडे ज्ञान होतं आणि ते त्यांनी नेटमध्ये रोज साहेबांना वाटलं, पण त्याला कुणी शिकवणं म्हटलं नाही. ती मजुरी ठरली. पुण्यातल्या ब्राह्मण प्रोफेसराला हा दरवाजा उघडा होता. देवधरांचं कर्तृत्व याने कमी होत नाही, पण मैदान सपाट नव्हतं हे माहीत असलेलं बरं.

*

१९२६ साली आर्थर गिलिगनच्या नेतृत्वाखाली एमसीसीचा संघ भारतात आला. मुंबईत सी. के. नायडूंनी हिंदू संघाकडून १५३ धावा कुटल्या, ती खेळी सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी अखिल भारतीय संघाकडून त्याच एमसीसीविरुद्ध देवधरांनी १४८ केल्या. ही मात्र फारशी कुणाला आठवत नाही. पण या दोन खेळ्यांनी मिळून एक काम केलं. हे लोक आपल्या बरोबरीने खेळू शकतात हे पाहुण्यांना दिसलं. गिलिगननेच पुढे इथल्या लोकांना स्वतःचं बोर्ड काढायचा आग्रह केला. १९२८ साली बोर्ड झालं आणि जून १९३२ मध्ये भारत लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळला.

त्या संघात देवधर नव्हते. वय ४०.

मला या आकड्यापाशी दरवेळी थांबायला होतं. ज्या दरवाज्याला धक्का देण्यात आपला हातभार होता तो दरवाजा उघडला, तेव्हा आपण चाळिशीत. पहिल्या दौऱ्याचे नामधारी कॅप्टन होते पोरबंदरचे महाराज. १९३६च्या दौऱ्याचे कॅप्टन होते विझियानगरमचे महाराजकुमार, ज्यांच्या काळात लाला अमरनाथला दौऱ्यातून मधेच घरी पाठवलं गेलं. म्हणजे कॅप्टन व्हायला खेळ यावा लागतो अशी काही सक्ती नव्हती, वंशावळ असली की पुरे. संस्कृतच्या प्रोफेसराला तिथे कोण विचारतो?

आता तिकडे शिकागोत बघा. तेच १९३२ साल. स्टॅग ७० वर्षांचा झाला. विद्यापीठाचा नियम, ७० झाले की निवृत्त. ४१ मोसम दिल्यावर त्याला सांगण्यात आलं की धन्यवाद, आता विश्रांती घ्या. याने विश्रांती घेतली नाही. दोन हजार मैलांवर कॅलिफोर्नियात 'कॉलेज ऑफ द पॅसिफिक' नावाच्या एका छोट्याशा कॉलेजात जाऊन नव्याने कोच झाला. १९४३ साली तिथे त्याला अमेरिकेतल्या कोच मंडळींनी वर्षातला सर्वोत्तम कोच म्हणून निवडलं. वय ८१!

एकाला सांगितलं गेलं की तुझी वेळ संपली, दुसऱ्याला सांगितलं गेलं की तुझी वेळ आलीच नाही. दोघांनीही पुढे काय केलं, तर जो लहान संघ हाताशी होता तो घेतला आणि त्याला शिकवत बसले.

*

देवधरांच्या हाताशी होता महाराष्ट्र. १९३४ साली रणजी करंडक सुरू झाला आणि प्रथमच प्रांतांचे संघ आले. मला हा फार मोठा बदल वाटतो. तोपर्यंत तुम्ही हिंदू म्हणून खेळत होता, आता महाराष्ट्राचे म्हणून खेळू लागलात. विजय हजारेंचंच उदाहरण घ्या. सांगलीच्या ख्रिस्ती कुटुंबातला हा मुलगा हिंदू संघात कधीच बसला नसता, पण महाराष्ट्राच्या संघात त्याला पहिल्या मोसमापासून जागा होती.

हजारेंवरून आठवलं. त्या काळी उत्तम मार्गदर्शन हवं तर एक रस्ता होता, राजाश्रय. जत संस्थानच्या राजांनी क्लॅरी ग्रिमेट या ऑस्ट्रेलियाच्या जगप्रसिद्ध लेगस्पिनरला आणलं होतं आणि त्याचा फायदा हजारेंना झाला. पतियाळाला फ्रँक टॅरंट होता. हे कोच पगारी आणि परदेशी, राजाची मर्जी असेपर्यंत राहणार. दुसरा रस्ता वायएमसीएचा होता. स्टॅग जिथे होता त्या स्प्रिंगफील्डमध्येच शिकलेल्या हॅरी बकने १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, आणि १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकला भारताचा संघ घेऊन तोच गेला.

पुण्यात तिसरा रस्ता तयार झाला, घरचाच. इथे कोच वेगळा नव्हता. कॅप्टन हाच कोच, तोच संघाचा सर्वांत वयस्कर खेळाडू, आणि तोच सकाळी कॉलेजात तास घेऊन येणारा मास्तर.

याची कल्पना करायला फार लांब जावं लागत नाही. मी राहतो लोणी काळभोरला. शनिवार-रविवारी इथे टेनिस बॉलचे सामने चालतात, कुठल्या ना कुठल्या चषकाचे. दर संघात एक तरी चाळिशीचा दादा असतो. पोट थोडं सुटलेलं, गुडघ्याला पट्टा. पळायला पोरांपेक्षा कमी, पण फील्डिंग तोच लावतो आणि ओव्हर कुणाला द्यायची तेही तोच ठरवतो. नव्या पोराला 'अरे बॉल बघ, बॉलरकडे काय बघतोस' हे ओरडूनही तोच सांगतो. कुणी त्याला कोच म्हणत नाही, पण तो नसेल त्या रविवारी संघ हमखास हरतो. आपल्या धंद्यात जसा एखादा टेक लीड असतो ना, मीटिंगा करून पुन्हा स्वतः कोडही लिहिणारा, तसाच.

देवधर हे या जातीचे दादा, फक्त फार वरच्या पातळीवरचे.

*

आता जरा आकड्यांत शिरू, शेवटी इंजिनियरचा ब्लॉग आहे.

रणजी सामन्याचा नियम तेव्हा असा होता (आणि बाद फेरीत आजही आहे): सामना पूर्ण झाला नाही तर पहिल्या डावात ज्याची आघाडी तो संघ पुढे. आता हा नियम एखाद्या प्रोग्रामरसमोर ठेवा. तो काय म्हणेल? समोरच्याला दोनदा बाद करायच्या मागे लागू नका, पहिल्या डावात इतक्या धावा करा की समोरच्याला गाठताच येऊ नयेत. दोन गोष्टी लागतील. एक म्हणजे वरच्या फलंदाजांनी थकायचं नाही. दुसरी म्हणजे तळाच्या फलंदाजांनीही आपली विकेट फुकट द्यायची नाही.

आता देवधरांच्या महाराष्ट्राचे दोन मोसम बघा, सगळे डाव पुण्यातले.

१९३९-४०, बडोद्याविरुद्ध: ९ बाद ६५०. हजारे नाबाद ३१६, रणजी करंडकातलं पहिलं त्रिशतक. पण माझा आवडता आकडा वेगळाच आहे. हजारे आणि नगरवाला यांनी नवव्या विकेटसाठी २४५ धावा जोडल्या. नवव्या विकेटसाठी! शेपूट म्हणावं अशी शेपूट या संघाला नव्हतीच.

१९३९-४०, अंतिम सामना, संयुक्त प्रांताविरुद्ध: ५८१. महाराष्ट्र १० गडी राखून जिंकला, पहिल्यांदाच रणजी करंडक घरी आला.

१९४०-४१, नॉर्दर्न इंडियाविरुद्ध: ७९८.

आणि नोव्हेंबर १९४०, मुंबईविरुद्ध: ६७५. यात देवधरांचे स्वतःचे २४६. वय ४८, आणि कारकिर्दीतली सर्वोच्च धावसंख्या. मुंबई काही गप्प बसणारी नव्हती. त्यांनीही उत्तरादाखल चिवटपणे फलंदाजी केली, खंडू रांगणेकरांनी २०२ काढल्या. मुंबईचा डाव संपला ६५० वर. दोन डावांत मिळून १३२५ धावा आणि फरक फक्त २५ धावांचा. पण नियमाला २५ पुरतात. महाराष्ट्र पुढे गेला आणि त्याच मोसमात मद्रासला जाऊन मद्रासचा ६ गडी राखून पराभव करून सलग दुसऱ्यांदा करंडक घेऊन आला.

या चार धावसंख्यांना मी योगायोग मानायला तयार नाही. खेळपट्ट्या फलंदाजांना धार्जिण्या होत्या हे खरं, पण त्या समोरच्या संघालाही तशाच होत्या की. एखादा माणूस एकदा ३०० करतो ती प्रतिभा. अख्खा संघ पुन्हा पुन्हा ६०० करतो ती शिकवण. नियम नीट वाचायचा, त्यातून काय हवं ते काढायचं, आणि मग अकरा माणसांकडून ते घोटून घ्यायचं. पाणिनीची सूत्रं शिकवणाऱ्या माणसाला ही पद्धत अपरिचित नसणार असं आपलं मला वाटतं.

इथेच अजून एक तारीख जुळते. १९३९च्या हिवाळ्यात शिकागो विद्यापीठाने फुटबॉल बंदच करून टाकला. स्टॅग गेल्यावर संघ पार ढेपाळला होता, आणि अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांना वाटत होतं की तिकिटं, पैसा आणि माजी विद्यार्थ्यांचा दबाव यांनी कॉलेजचा खेळ नासला आहे. ज्या महिन्यांत तिकडे कॉलेज फुटबॉलच्या एका घराला कुलूप लागलं, त्याच महिन्यांत इकडे एक कॉलेज प्रोफेसर आपला पहिला रणजी करंडक जिंकायच्या तयारीत होता. (शिकागोच्या 'स्टॅग फील्ड'चं पुढे काय झालं ठाऊक आहे? २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मीने जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली ती त्या स्टेडियमच्या पश्चिमेकडच्या प्रेक्षागृहाखाली.)

*

यानंतर तरी देवधर थांबतील की नाही? छे. १९४४ साली नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन्ही डावांत शतकं, १०५ आणि १४१. वय ५२. शेवटचा प्रथम श्रेणी सामना १९४६ साली, वय ५४. पहिल्या महायुद्धाआधी सुरुवात केली आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर बॅट खाली ठेवली. एकूण ४५२२ धावा, सरासरी ३९.३२, नऊ शतकं.

घरीही हेच. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तिन्ही मुली बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय विजेत्या झाल्या. १९४०च्या दशकात, पुण्यात, मुलींनी रॅकेट घेऊन गावोगावी स्पर्धा खेळायच्या हे किती घरांना चाललं असतं याचा विचार करा. ज्या घरात बाप पन्नाशीत दोन्ही डावांत शतक मारतो, तिथे 'तुमचं हे वय आहे का' किंवा 'मुलीच्या जातीला हे शोभतं का' हे प्रश्न बहुधा उंबऱ्याबाहेरच थांबत असावेत.

पुढे ते निवड समितीवर होते, बोर्डाचे उपाध्यक्ष होते, महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष होते. १९६५ला पद्मश्री, १९९१ला पद्मभूषण. २४ ऑगस्ट १९९३ला पुण्यात वारले, वय १०१. आणि स्टॅग? तो नव्वदी ओलांडल्यावरही एका ज्युनियर कॉलेजात चेंडूला लाथ कशी मारायची ते पोरांना शिकवत होता. १९६५ साली गेला, वय १०२.

पुण्यात देवधरांनंतरही धावांची ती भूक राहिली. डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम हाकेच्या अंतरावर होता. तेव्हा काठियावाडचे कॅप्टन, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सामना सोडून दिला आणि संघ घेऊन चालते झाले. महाराष्ट्राच्या होत्या ४ बाद ८२६. बघा, पुन्हा तोच सामना: एका बाजूला संस्थानिक, दुसऱ्या बाजूला घोटून तयार झालेला संघ.

*

हे सगळं आज का लिहावंसं वाटलं?

आमच्या क्षेत्रात पस्तिशी आली की लोक कुजबुजायला लागतात. आता कोड लिहायचं सोड, मॅनेजर हो. चाळिशी आली की म्हणतात आता जपून रहा. आणि गेल्या दोन-तीन वर्षांत तर पंचविशीतली पोरंसुद्धा विचारतात की आम्ही उशिरा आलो का? यंत्रं कोड लिहायला लागली तेव्हाच नेमके आम्ही पास होऊन आलो! हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काही लाटा खरंच चुकतात. देवधरांची कसोटी खरंच चुकली, आणि १०१ वर्षं जगूनही ती परत मिळाली नाही. 'मेहनत करा, फळ मिळेलच' असलं काही मी सांगणार नाही. पळवणकर बाळूंची गोष्ट माहीत असलेल्या माणसाने तर ते सांगूच नये.

पण त्यातून एक गोष्ट मात्र घेता येते. १९३२ साली देवधरांपुढे दोन पर्याय होते. एक, 'मी खेळलो असतो तर...' हे पुढची साठ वर्षं कट्ट्यावर सांगत बसणं. पुण्यात कट्ट्यांना आणि असं सांगणाऱ्यांना तोटा नाही. दुसरा पर्याय, जे आपल्याला येतं ते दुसऱ्या दहा जणांना येईल असं बघणं, आणि अकरावा म्हणून त्यांच्याबरोबर स्वतः उन्हात उभं राहणं. त्यांनी दुसरा निवडला. वयाच्या ४८व्या वर्षी काढलेल्या २४६ धावांचं कौतुक आहेच. पण मला जास्त कौतुक उरलेल्या ४२९ धावांचं आहे, त्या संघाने केल्या.

पुढच्या वेळी देवधर करंडकाचा उल्लेख कानावर आला तर जेवणाच्या टेबलावर एवढं तरी सांगा, की हे देवधर म्हणजे मास्तर होते.